पोटाचा विकार

"म्हणजे डाळीसाठी बगावत केलीस तू?" तहसील कचेरीतले कारकून, पेशकार आण्णासाहेबांनी तोंडातले पान न थुंकताच विचारले. दोन लाल थेंब समोरच्या कागदावर उडाले.

सोमलिंगने ते धोतराच्या सोग्याने पुसले. जपानशी लढाई चालू असताना तीन वर्षे तो इंग्रजांच्या लढाऊ जहाजावर भट्टीत कोळसा ओढत होता. लढाई संपली आणि सहा महिन्यांत हा इंग्रजी कागद हातात देऊन त्याला निजामाच्या राज्यात, नळदुर्गला घरी पाठवले. कागदाचा अर्थ एवढाच होता : बरतरफ, नोकरीतून काढलेला.

"डाळीत खडे व्हते. आळ्या तरंगायच्या."

"मग तक्रार करायची."

"तीनदा केली. एकट्यानं केली तर तक्रार. बारा जण ताटं घिऊन हुबं ऱ्हायलो, तर बगावत. आरमाराचा कायदाच तसा हाय."

"भलताच कायदा."

"सायब लोक डेकवर हुबं करून त्यो वाचून दावायचे. राज्याची दौलत, सलामती, ताकद, समदं आरमारावर हाय म्हनायचे. दर्यावर दुसऱ्या कुनाचं राज नगं, म्हनून आमी भट्टीपुढं भाजलो. अन् पुढ्यात आळ्या."

आण्णासाहेब हसले. तसे ते वाईट नव्हते. किल्ल्यावर पहारेकऱ्याची जागा रिकामी होती आणि सोमलिंगची आई नागम्मा त्यांच्या दारात चारदा येऊन गेली होती.

"हे बघ, बरतरफ माणसाला तहसीलदारसाहेब दारात उभा करणार न्हाईत. पण त्यांना इंग्रजी येत न्हाय. इंग्रजीचा उर्दू तर्जुमा मीच करणार. पोटाच्या विकारामुळं घरी धाडला, असं लिहितो. खाली सही कर."

त्यांनी टाक पुढे सरकवला. सोमलिंगने तो परत सरकवला.

"माजं पोट ठीक व्हतं, आण्णासाहेब. डाळ खराब व्हती."

"अरे, इथं कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

त्याने कागदाची घडी घातली आणि तो बाहेर पडला.

घरी नागम्मा तुरीची डाळ निवडत बसली होती.

"लिवलं का त्येंनी?"

"न्हाय."

तिने सूप थोडे त्याच्याकडे सरकवले. दोघे निवडत राहिले. थोड्या वेळाने सोमलिंगने निवडलेल्या ढिगातून ज्वारीच्या दाण्याएवढा एक खडा उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

नागम्माने तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग सगळी निवडलेली डाळ पुन्हा सुपात ओतली.