लॉनमधली पाथरी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. नीला, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "मला लग्नात नवऱ्याबरोबर एक स्टोव्ह फुकट मिळाला."

गोष्ट १९७९ सालची. ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगच्या स्टीलवर्क्समध्ये मी इंजिनीयर होतो. नीलाला सातवा महिना लागला होता. आधीची दोन्ही पोटातच गेलेली, त्यामुळे या वेळी आम्ही दोघं श्वासही जपून घेत होतो. बाळंतपणासाठी शिरूरजवळच्या गावाहून माझी आई आली होती. आणि अशा दिवसांत माझं भांडण चाललं होतं कोणाशी, तर डॅन्डेलियनशी!

पिवळं फूल, जमिनीला चिकटलेली करवती पानं. फूल वाळलं की त्याच्या पांढऱ्या म्हाताऱ्या होऊन उडायच्या आणि नेमक्या शेजारच्या कीथच्या लॉनवर उतरायच्या. कीथ कुंपणावरून "नो वरीज, मेट" म्हणायचा, पण तोंड असं करायचा की मी त्याच्या चहात मीठ घातलंय. त्यानेच मला शिकवलं : फूल म्हातारं व्हायच्या आत खुडायचं, गवत फार बुटकं कापायचं नाही, आणि मूळ अख्खं काढायचं. अख्खं म्हणे! वीतभर मूळ, हमखास निम्म्यात तुटणार, आणि पंधरा दिवसांत एकाच्या जागी तीन हजर. दोन महिने गुडघे मोडून घेतले आणि शेवटी वैतागून तणनाशकाची बाटली आणली.

शनिवारी सकाळी पंपाने सगळं लॉन भिजवलं. आईला बजावलं, "तणाला औषध मारलंय. तणाला हात लावू नकोस."

"मी कशाला लावू तुझ्या तणाला हात?" ती म्हणाली.

रविवारी मला शिफ्ट होती. दुपारी तीनला घरी आलो तर लसणाच्या फोडणीचा वास. दोघी जेवून उठल्या होत्या. नीला खुशीत होती, कितीतरी दिवसांनी तिला अन्न गोड लागलं होतं. आई म्हणाली, "अरे, दारात एवढी पाथरी असताना तुम्ही डब्यातला पालक कसला खाता? पाथरीने अंगावर दूध येतं बाळंतिणीच्या. तुझ्यासाठी ठेवलीय बघ."

ओट्यावर निवडलेल्या पानांचा ढीग होता. करवती पानं.

"कुठून काढलीस ही?" माझा आवाज फाटला.

"मागच्या अंगणातून."

"तणाला हात लावू नकोस म्हणून सांगितलं होतं ना तुला!"

"तणाला कुठं लावला? तण तिथंच आहे सगळं. ही भाजी आहे."

"विष खाऊ घातलंस तिला, विष!"

आईने धावत जाऊन नीलाचा हात धरला. तिने स्वतःही ती भाजी खाल्ली होती, पण ते तिला सुचलं नाही आणि मलाही नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरने बाटलीवरचं लेबल वाचलं. किती खाल्ली, कधी, धुतली होती का? "तीन पाण्यांनी धुतली," आई पुन्हा पुन्हा सांगत होती. मी त्याचं इंग्रजी करत होतो. मग डॉक्टरने विचारलं, "घरात कोणी यांना सांगितलं नव्हतं?"

मी म्हणालो, "आय टोल्ड हर. शी इज फ्रॉम अ व्हिलेज. शी डझन्ट अंडरस्टँड."

आईला इंग्रजी येत नव्हतं. पण व्हिलेज हा शब्द तिला येत होता. ती आपल्या पदराकडे बघत राहिली.

बाळाचे ठोके ठीक होते. डॉक्टर म्हणाला, बहुधा काही होणार नाही, पण जन्माआधी खात्री देता येत नाही, दर आठवड्याला या.

परतताना गाडीत नीलाने हळूच विचारलं, "तू लहानपणी पाथरी खाल्लीच नव्हतीस का रे?"

खाल्ली होती ना! आई बांधावरून खुडून आणायची आणि मी मीठ लावून कच्ची चावायचो. अशीच पानं, असाच पांढरा चीक. दोन महिने तशीच पानं उपटत होतो आणि एकदाही मला ती आठवली नाही. आईला ती इथं भाजीच दिसणार, हे साऱ्या वॉलॉंगॉंगमध्ये फक्त मला कळायला हवं होतं. हे मी डॉक्टरला सांगितलं नाही, आईलाही नाही. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी आणखीच चिडतो.

त्या दिवसापासून आईने चूल सोडली. आम्ही ताटात वाढू ते खायची. नीला दिवसभर पोटावर हात ठेवून बाळाचं हलणं मोजायची आणि आई लांबून तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायची. बाळ सुखरूप आलं की आईशी बोलू, असं मी रोज स्वतःला सांगायचो. भित्रा माणूस, दुसरं काय!

नोव्हेंबरच्या शेवटी मुलगी झाली. दहा बोटं हातांची, दहा पायांची, आवाज तर असा की अख्खा वॉर्ड जागा. मी रडलो, नीला हसली. आई दारातच उभी होती.

"आत ये ना," नीला म्हणाली.

आई कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुतले. पुसून माझ्यासमोर आली, दोन्ही तळवे उघडून मला दाखवले आणि विचारलं, "मी घेतली तर चालेल का रे हिला?"