पदर आधी, पाय मागून

त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा बिसरामच्या डाव्या अंगठ्यावर बूट पडला. बूट इंजिनात कोळसा टाकणाऱ्या टॉमीसाहेबाचा होता, खाली नाल ठोकलेला. बिसराम अनवाणी होता.

"सॉरी, बिसराम," टॉमी म्हणाला.

"होते, साहेब." बिसरामनं पाय झटकला आणि डावा हात पुन्हा टॉमीच्या खांद्यावर ठेवला. उजवा त्याच्या मुठीत होताच.

भिंतीशी खुर्चीवर बसलेल्या रोजरीबाईनं काठी जमिनीवर आपटली. "रुको. फिर से. बिसराम औरत है, टॉमी, कोयला नहीं. ऐसा मत ढकेलो."

बाकीचे सहा फायरमन हसले. ते भिंतीला टेकून आपली पाळी येण्याची वाट पाहत होते. सात पुरुष आणि एक बाई, आणि ती बाई म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा, मिशा काढलेला, रेल्वे वसाहतीतल्या क्लबाचा चपराशी बिसराम. असा तो जोडीच्या नाचाचा क्लास होता.

बाईचं खरं आडनाव रोझारिओ. मोठ्या माणसांच्या जिभेला ते जमलं, गोंदियाच्या जिभेनं त्याची रोजरी केली. ती रंगूनची. बाप गोव्याचा असला तरी तिनं हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. रंगूनला तिची नाचाची शाळा होती, भिंतीभर आरसे असलेली. बेचाळीस साली जपान्यांचे बॉम्ब पडले आणि बाई जंगलातून चालत निघाली. महिन्याभरानं ती या देशात पोचली तेव्हा नवरा वाटेत राहिला होता आणि उजवा गुडघा वाळक्या भोपळ्यासारखा सुजून कायमचा ताठ झाला होता. इथं बहिणीचा नवरा गार्ड होता. त्याच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत तिची खाट पडली. सोबत काय आणलं तर कापडात गुंडाळलेले नाचाचे जोडे, तळ झिजलेले. ते आता घालायचे कुणी?

तरी बाईनं क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबाकडून हॉल मागून घेतला. साहेबानं अट घातली की नाताळपर्यंत आठ जोड्या उभ्या राहिल्या पाहिजेत. नाही तर हॉलमध्ये बिलियर्डचं टेबल येणार. टेबल आधीच येऊन व्हरांड्यात ताडपत्रीखाली बसलं होतं. बाईला रोज त्याच्या कडेनं आत यावं लागे.

दसऱ्यानंतर क्लास सुरू झाला. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन फायरमन आले आणि एकमेकांकडे बघत बसले. वसाहतीतल्या मडमांनी निरोप पाठवला की आम्ही पाळण्यातून नाच शिकलोय, बर्मावाली आम्हाला काय शिकवणार? दुसरं कारण त्यांनी निरोपात घातलं नाही, पण ते बाईच्या सावळ्या रंगावर लिहिलेलं होतं. पुरुष होते, बायका नव्हत्या, आणि करून दाखवायला मास्तरणीला पाय नव्हता. बाई रोज काठी टेकत येई, ग्रामोफोनला चावी भरी, आणि तासाभरानं तशीच काठी टेकत परत जाई.

बिसराम तिला कोंड्यामुळं सापडला. लाकडी जमिनीला चढवायचं मेण लढाईमुळं मिळेनासं झालं, तेव्हा त्यानं राइस मिलमधला बारीक कोंडा आणला, दोन पोटल्या बांधल्या, त्या पायांना गुंडाळल्या आणि हॉलभर घसरत जमीन घासायला लागला. कोंड्याच्या तेलानं लाकूड आरशासारखं झालं. घासता घासता गडी गुणगुणत होता, कमरेतून वळत होता. दारात काठी थांबलेली त्याला दिसली नाही.

"तुम नाचता है?" बाईनं विचारलं.

बिसराम घाबरला. नोकरी गेली असं त्याला वाटलं. "नाई जी, मेमसाब. फरश पुसतो."

"झूठ मत बोलो."

मग त्यानं सांगितलं. तो केशोरी गावचा. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईत दंडार म्हणजे रात्रभर नाचगाण्याचा खेळ होतो, आणि दंडारीत बाईचं काम पुरुषच करतो. चौदाव्या वर्षी त्यानं लुगडं नेसलं, त्याला तीस वर्षं झाली. एरवी तो क्लबाचा चपराशी. मंडईच्या पंधरा दिवसांत मात्र रजा टाकून केशोरीची राणी. हे बाईला कितपत कळलं कोण जाणे. पण दुसऱ्या संध्याकाळी तिनं त्याच्या हातातला झाडू काढून घेतला आणि त्याला टॉमीच्या समोर उभा केला.

बिसराम खाली वाकला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला, आणि मगच उभा राहिला. बाईला वाटलं, खिळाबिळा दिसला.

आठ दिवसांत त्याला सगळं आलं. समोरचा ढकलतो कुठं, थांबतो कुठं, हे त्याला मुठीच्या दाबावरून कळे. पाय मागं टाकायचे, न बघता टाकायचे. दंडारीत काय वेगळं होतं? फायरमन शिकायला लागले. दोनाचे पाच झाले, पाचाचे सात. एकच अडचण होती. गिरकी आली की बिसरामचा डावा हात टॉमीच्या खांद्यावरून उठे, कमरेपाशी जाई, आणि तिथं नसलेला पदर धरून अलगद खांद्यावर टाकी.

"हाथ," बाई ओरडे. "हाथ उधर क्या करता है?"

हात काय करतो ते हातालाच ठाऊक. केशोरीच्या त्याच्या गुरूनं, म्हाताऱ्या बकारामनं, छडी मारून शिकवलं होतं की गिरकीला पदर आधी, पाय मागून. नाही तर पदर पायात येतो आणि राणी तोंडावर पडते. बाईनं त्याच्या हातात जाड पुस्तक दिलं. ते गिरकीला टॉमीच्या कानावर बसलं. रुमालानं हात टॉमीच्या पट्ट्याला बांधला, तर पायच उचलेना. बिसराम मधोमध उभा राहिला, बैल रुतावा तसा. बाईनं कपाळाला हात लावला. रंगूनच्या शाळेत असला हात पाहिला असता तर तिनं फी परत करून घरी पाठवलं असतं. इथं ती म्हणाली, "जाने दो. खोलो."

घरी रुख्मा त्याची काळीनिळी बोटं मिठाच्या गरम पाण्यात बुडवी. लग्न झाल्यापासून ती नाच्याची बायको म्हणून बायकांची बोलणी ऐकत आली होती. तिची जीभ त्यावर घासून धारदार झाली होती.

"इथं बायको मी हाव," ती म्हणे. "तिकडं तुमी कोनाची बायको होऊन राहिले जी?"

"सात जनांची," बिसराम म्हणे, आणि ती हसू दाबत त्याचा अंगठा जरा जास्तच जोरानं चोळी.

दिवाळी झाली. केशोरीचं बोलावणं आलं, बिसराम गेला नाही. दुसरं आलं, गेला नाही. मग दंडारीचा म्होरक्या मनिराम स्वतः अर्जुनीच्या स्टेशनावरून रेल्वे धरून आला आणि क्लबाच्या मागच्या पायरीवर बसला. त्यानं तंबाखू मळली, पण बिसरामला दिली नाही.

"मंडई आठ दिवसांवर आली गा," तो म्हणाला. "न तू इथं साहेबाच्या गळ्यात पडून राहिला."

"यंदाच्या डाव राहू दे ना, भाऊ. मी गेलो त ते बाईचा किलास बंद पडन. तिले पाय नाई."

"तिले पाय नाई न आमाले बाई नाई. आमी का करावं?"

बिसरामनं हॉलकडे मान वळवली. आत हॉलमधून बाईची काठी ऐकू येत होती. आज जोड्या किती, तर अजून एकही नाही. सात पुरुष आणि तो. पंधरा दिवस तो गेला असता तर सातांचे पुन्हा दोन झाले असते आणि व्हरांड्यातली ताडपत्री निघाली असती.

"पाह्य बिसराम," मनिराम उठला. "यंदा नाई आला त लुगडं चैतराम नेसन. मंग मांगायले येजो नोको."

केशोरीची रीतच तशी होती. दंडारीचं लुगडं एकच, हिरवं, लाल काठाचं. दुसऱ्यानं एकदा नेसलं की पहिल्याचं ते कायमचं उतरलं. बकारामनं असंच एका वर्षी ते बिसरामला दिलं होतं आणि नंतर त्याच्याकडे मरेपर्यंत वळून पाहिलं नव्हतं.

"नेसू दे," बिसराम म्हणाला. मनिरामला स्टेशनवर पोचवायलाही तो गेला नाही. सहा वाजले होते, क्लासची वेळ झाली होती.

हे रोजरीबाईला कधीच कळलं नाही. सांगायचं तर कोणत्या भाषेत सांगणार? त्या संध्याकाळी बिसरामचे पाय जड पडत होते, एवढंच तिनं पाहिलं आणि काठी दोनदा जास्त आपटली.

नोव्हेंबरच्या अखेरीस क्लबात नाच झाला. सात फायरमन आपल्या हिमतीनं मडमांना घेऊन जमिनीवर उतरले आणि वसाहतीची बोटं तोंडात गेली. कालपर्यंत बैलासारखी चालणारी पोरं पाण्यावर सरकावं तशी सरकत होती. मडमाच मागं पडल्या. गिरकीला पोरं आपसूक उजवा खांदा खाली करून पदराच्या हाताला वाट देत, आणि मडमांना कळेना की ही वाट कशासाठी. तीन जणी अडखळल्या. ड्रायव्हर बेकरची बायको तर टॉमीच्या पायावर चढली.

सोमवारी संध्याकाळी आठ मडमा क्लासला हजर. पाळण्यात शिकलेलं बहुधा पाळण्यातच राहिलं होतं.

आता नवीन पेच आला. शिकवायचं कुणी? बाईला काठीशिवाय उभं राहवत नाही. बाईची पावलं माहीत असलेला अख्ख्या गोंदियात एकच माणूस, आणि तो चपराशी. मडमेच्या हाताला त्याचा हात लागणं शक्य नाही. मडमांनी नाकं मुरडली. सेक्रेटरीसाहेब दारात येऊन खाकरला. बाईनं थोडा वेळ काठीच्या मुठीवर हनुवटी टेकली. मग तिनं बिसरामला सगळ्यांच्या पुढं, पाठमोरा उभा केला.

"अकेला करो," ती म्हणाली. "वो देखेगा."

बिसरामनं जमिनीला हात लावला. समोर कुणी नव्हतं. त्यानं डावा हात नसलेल्या खांद्यावर ठेवला, उजवा नसलेल्या मुठीत दिला, आणि मागं सरकू लागला. तो मागं आला की आठ मडमा मागं सरत. दोन हातांचं अंतर तेवढंच राही. क्लबात एक जुनी तबकडी होती, तिला जागोजागी चरे पडलेले. ठरावीक जागी ती टक् करी. टक् झालं की गिरकी. टक् झालं की बिसरामचा डावा हात उठे, कमरेपाशी जाई, पदर खांद्यावर टाकी. त्याच्या मागं, त्याला न दिसणारे, आठ गोरे हात उठत.

बाईनं ते पाहिलं. काठी वर गेली आणि तशीच हवेत राहिली. नाताळला तीनच आठवडे उरले होते. तिनं काठी खाली ठेवली.

आठवड्याभरात मडमांना आलं. आठ जोड्या उभ्या राहिल्या. आठवा म्हणून साहेबांच्या ऑफिसातला एक कारकून मिळाला. सेक्रेटरीसाहेबानं स्वतः मोजल्या आणि बाईला म्हणाला, हॉल तुमचा. मग जाता जाता म्हणाला की आता चपराशाला जमिनीवर उभं करायचं काही कारण नाही, बरं दिसत नाही. दुसऱ्या दिवशी बिसराम सवयीनं सहाला आत आला, वाकला, आणि बाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बिसराम, आज बत्ती देखो."

तो वाकलेलाच होता. त्यानं जमिनीवरची कोंड्याची एक कणी उचलली, जणू त्यासाठीच वाकला होता, आणि बत्तीकडे गेला.

त्या दिवशी रुख्मानं पाणी गरम केलं होतं. त्याच्या बोटांकडे बघून तिनं भांडं बाजूला सरकवलं. "आज कोनी पाय नाई देल्ला?" तिनं विचारलं. तो म्हणाला, नाई. तिला टोमणा सुचला असावा, पण तिनं तो मारला नाही.

नाताळचा नाच संध्याकाळी लवकरच सुरू झाला. हॉलमध्ये रंगीत कागदाच्या माळा होत्या, बिलियर्डचं टेबल मालगाडीत परत गेलं होतं. बिसराम पांढरा कोट आणि पट्टा लावून दारात उभा होता, दोन्ही हातांत सरबताच्या पेल्यांचं तबक. दाराशीच काठी टेकून उभ्या रोजरीबाईनं बहिणीचा निळा झगा घातला होता. पायात ते झिजलेले नाचाचे जोडे होते, नुसते घालण्यापुरते.

तबकडी सुरू झाली. आठ जोड्या सरकल्या. टक् झालं आणि आठ डावे हात खांद्यावरून उठले, कमरेपाशी गेले, आणि काहीतरी अलगद खांद्यावर टाकून परत आले. सगळे एकदम, लव्हाळ्याचं बन वाऱ्यानं वळावं तसे.

नागपूरहून आलेल्या मोठ्या साहेबाची मडम पेला घ्यायला दाराशी आली होती. तिनं हात ओठांवर ठेवला आणि बाईला काहीतरी विचारलं. इंग्रजी बिसरामला कळत नव्हतं, पण बोट त्या हातांकडे होतं. कुठली पद्धत म्हणून विचारत असावी.

बाईची नजर एकदा बिसरामकडे आली, पांढऱ्या कोटावरून तबकावर गेली, तबकावरून खाली आपल्या पायांतल्या जोड्यांवर. मग ती काही बोलली. त्यातला एकच शब्द बिसरामला कळला, रंगून.

मडमेनं मान डोलावली, तबकातला पेला उचलला आणि निघून गेली. बाई तिथंच उभी राहिली. तिनं एक पेला घेतला, प्यायली नाही, परत ठेवला. पेला तबकावर वाजला. बिसरामनं तबक सावरलं.

टक् झालं. पुन्हा हात उठले. तिसऱ्या जोडीतली ड्रायव्हर बेकरची बायको या वेळी अडखळली नाही. पण तिचा पाय आधी फिरला आणि हात मागून आला, अर्ध्या श्वासानं उशिरा.

बिसरामचे दोन्ही हात गुंतले होते. पुढं झुकून, बाजूला उभ्या असलेल्या बाईला जेमतेम ऐकू येईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "पदर आधी, बाई. पाय मागून."