इस्त्री केलेला बारदाना

मी बारदाना बोलतोय. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मला बारदाना म्हणतात, घरात आणलं की पोतं म्हणतात आणि जागोजागी विरलो की तरट म्हणतात. नावं तुमची, ताग माझा. पुढच्या बोलण्यात थोडा मोठेपणा येईल, तो गोड मानून घ्या. परभणी जिल्ह्यात पोत्यांना तोटा नाही, पण ज्याच्यासाठी घरातली विजेची इस्त्री तापवली असं पोतं दुसरं असेल, तर मला आणून दाखवा.

जन्म माझा बंगालकडचा. पाण्यात कुजवलेल्या तागाचे धागे सोडवून गिरणीत मला विणलं. अंगावर तीन निळ्या रेघा घेऊन, भावंडांच्या गठ्ठ्यात आवळलेला मी मानवतच्या मोंढ्यात उतरलो, तो मुंजाजीशेठच्या आडतीवर. शेठ शाळेत फार गेलेले नव्हते, पण पोतं पारखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. नवा गठ्ठा फुटला की एकेक पोतं उचलून उन्हात धरायचे. "याच्यातून मला सूर्य दिसला, तर हे पोतं न्हाई, चाळणी हाय!" असं म्हणून बाजूला फेकायचे. मला धरलं, डोळे बारीक केले आणि हमालाला म्हणाले, "ह्याच्यात गहू भर. हे कुणाच्या तरी घरात टिकून ऱ्हाणार हाय."

त्याच वर्षी मोंढ्यात पांढऱ्या प्लॅस्टिकच्या गोण्यांचं पेव फुटलं होतं. एक गिऱ्हाईक शेठना म्हणालं, "शेठ, आता कशाला वागवायलाव हे तागाचं ओझं?" शेठनी प्लॅस्टिकच्या गोणीतला मूठभर हरभरा त्याच्या तळहातावर ठेवला. "दमट लागला का? दाण्याला बी श्वास लागतो, मालक. तुमी तोंडाला पिशवी बांधून झोपताव का?" गिऱ्हाईक हसलं आणि तागाच्या पोत्यात माल घेऊन गेलं. मी थप्पीवरून ऐकत होतो. त्या दिवसापासून माझी मान जी ताठ झाली, ती आजतागायत.

मग परभणीचे सिद्धोधनराव आले. नुकतेच कारकुनी करून निवृत्त झालेले, स्वभावानं मवाळ, बायकोच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांनी वर्षाचे गहू घेतले आणि गव्हासोबत मी त्यांच्या घरी आलो. गहू कोठीत गेले. इतर घरांत रिकाम्या पोत्याचं लगेच पायपुसणं होतं. इथं सुलाबाईंनी, म्हणजे सिद्धोधनरावांच्या पत्नीनं, मला झटकलं, उन्हात घातलं आणि घडी करून ठेवलं. बाई पारखी निघाल्या.

त्या घराला पुढं ओटा आणि मागं लहानसं परस. परसात एक शेवगा आणि शेवग्यावर चढलेली नागवेल, विड्याच्या पानांची. ही वेल साधी नव्हती. सोनपेठकडं गोदाकाठी एक पानमळा होता. सुलाबाईंची थोरली बहीण तानुबाई यांनी त्या मळ्यात तीस वर्षं मजुरीनं पानं खुडली. मग मालकानं मळा मोडून ऊस लावला. शेवटच्या दिवशी तानुबाईंनी मजुरीबरोबर वेलीचे चार तुकडे मागून घेतले आणि बहिणीच्या परसात आणून लावले. त्यातला एक जगला. तीस वर्षांच्या त्या मळ्याचं आता जगात एवढंच उरलेलं होतं.

गेल्या हिवाळ्यात तेही जाता जाता राहिलं. सिद्धोधनरावांनी हौसेनं निळी ताडपत्री आणून वेलीवर गुंडाळली. आत घाम साचला, गारठा पडला आणि प्लॅस्टिकला टेकलेलं पान न् पान काळं झालं. तानुबाईंना फोनवर कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "जाऊ दी, सुले. मळा गेला, येल बी गेला. शहरात त्यो जगत न्हाई." वर विषय बदलून मिरच्यांचा भाव विचारला. पण त्यानंतर सुलाबाई कितीतरी वेळ ओट्यावर फोन हातात धरून बसल्या होत्या.

जून उजाडता उजाडता बुडाशी एका डोळ्यातून हिरवा कोंब आला. सुलाबाईंनी बहिणीला काही कळवलं नाही. डिसेंबरात तानुबाई राहायला येणार होत्या. तेव्हा ह्याच वेलीचं पान त्यांच्या हातावर ठेवायचं, असं बाईंनी ठरवून टाकलं. पण बुड म्हातारं झालं होतं. ह्या वर्षी वेल पुन्हा करपली असती, तर दुसरा कोंब आला नसता.

म्हणून धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे पांढरे कपडे धुऊन वाळत पडले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाईंनी अंगणाला हात घातला. बाहेर ऑक्टोबरचं ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता. शेजारच्या नर्मदाबाई भिंतीवरून डोकावल्या. "काय चाललंय हे, सुलाबाई?"

"थंडीची तयारी करायले."

"अगं बाई! हितं घामानं पदर भिजायलाय अन् तुमी थंडी शोधायलाव?"

सुलाबाई हसल्या, पण हात थांबला नाही. मला हा गुण फार आवडतो. माल येण्याआधी जागा झाडून ठेवतो, तोच खरा दुकानदार. पावसाळ्यात शहाबादी फरशीवर चढलेलं शेवाळ त्यांनी खराट्यानं आणि चुन्यानं घासून काढलं. ओट्यावर उन्हाळ्यात बांधलेली हिरवी जाळी सोडून घडी केली, कारण हिवाळ्याचं ऊन अडवायचं नसतं. कुंड्या दक्षिणेकडं तोंड असलेल्या भिंतीशी लावल्या. ती भिंत दिवसभर तापते आणि संध्याकाळी ऊब सोडते. गुलाब छाटले, मेथी-कोथिंबिरीचे वाफे केले. कूलर खिडकीतून उतरवून त्यावर ती निळी ताडपत्री बांधली. "हिला हेच काम," बाई म्हणाल्या. मला बरं वाटलं, लपवत नाही.

शेवटी माझी पाळी. बाईंनी माझी एका बाजूची शिवण उसवून मला चादरीसारखं पसरलं आणि दाभणात सुतळी ओवून कडेला बंद शिवले. वेलीभोवती चार काठ्या रोवल्या, म्हणजे पानांना माझा अंगस्पर्श नको. उत्तरेकडून जुन्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा कूड. बुडाशी वाळल्या पाल्याचा जाड थर. वेल तोवर कंबरेच्या वर आली होती. रोज संध्याकाळी मला चढवायचं, रोज सकाळी उतरवून वाळवायचं, असा नेम ठरला.

नर्मदाबाई पुन्हा डोकावल्या. "येल झाकायलाव का लेकरू निजवायलाव?"

"लेकरू अंगावरचं फेकून तरी देतंय," सुलाबाई म्हणाल्या. "ह्यो बिचारा ते बी करीत न्हाई."

आणि मग तो दिवस आला. तानुबाईंची एसटी दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. दुपारपासून उत्तरेचं वारं सुटलं. सुलाबाई महिला मंडळाच्या बैठकीत अडकल्या होत्या. तिथल्या गलक्यातून त्यांनी फोन केला. "अवो, आज लय गारठणार हाय. पाणी द्या अन् पोतं टाका!"

आता यात चुकीचं काय होतं? थंडीत संध्याकाळी बुडाला पाणी दिलं की माती ऊब धरते, पोतं मात्र कोरडं पाहिजे. पण सिद्धोधनरावांचा सगळा जन्म परभणीत गेलेला. इथं पोतं आणि पाणी ही दोन नावं एका दमात घेतली, की माणसाचे हात आपोआप चालतात. रांजणाला ओलं पोतं, खिडकीला ओलं पोतं, द्राक्षाच्या पेटीवर ओलं पोतं. चाळीस उन्हाळे त्यांनी हेच केलं होतं. त्यांनी मनोभावे मला बादलीत बुडवलं, पिळलं आणि वेलीवर चढवलं. मी ओरडू शकत असतो, तर मानवतपर्यंत ऐकू गेलं असतं.

दिवेलागणीला सुलाबाई आल्या. येताच मला हात लावला आणि तशाच थिजल्या.

"हे ओलं का?"

"तूच म्हणालीस, पाणी दे अन् पोतं टाक."

"बुडाला पाणी! बुडाला! हे काय एप्रिल हाय का, पोतं भिजवायला? त्याला गारवा घालायलाव का मारायलाव?" आवाज चढला आणि चढता चढता फाटला. "उद्या आक्का येणार हाय."

सिद्धोधनराव आत गेले आणि निरोप समारंभात मिळालेली जरीकाठी शाल घेऊन आले. कपाटातून ती कधी बाहेर निघाली नव्हती. मला उतरवून ती त्यांनी स्वतःच्या हातानं वेलीवर घातली. बाईंनी शाल चाचपली. "सत्काराला ठीक हाय. दवाला न्हाई टिकायची."

"तासभर तरी टिकेल. तोवर पोतं वाळवून देतो."

असं म्हणून त्यांनी मला जमिनीवर पसरलं, इस्त्री लावली आणि गुडघे टेकून कामाला लागले. वाफेचे लोट उठले, घरभर ओल्या तागाचा वास. मोंढ्यात हमालांनी माझ्यात आकडे घुसवले, बैलांनी मला चाटलं, पण असा मान कधी मिळाला नव्हता. एका जागी त्यांचा हात रेंगाळला आणि मला त्रिकोणी डाग पडला. सुलाबाई दारात उभ्या होत्या. चिडलेल्या होत्या, पण हसू आवरेना. "शर्टाला कधी इतक्या जिवानं इस्त्री केली न्हाई."

"शर्टाची बहीण येणार नव्हती," राव म्हणाले.

तासाभरात मी कडक वाळून गेलो आणि शालीची सुटका करून वेलीवर चढलो. मग वारं आलं. आलं ते थेट माझ्या अंगावर. दव पडलं, ते वरच्या वर झेललं. सूर्य दिसेल असं एक भोक मी माझ्यात ठेवलं नव्हतं, वाऱ्याला कुठून देणार?

सकाळी नर्मदाबाईंची पपई मान टाकून काळी पडली होती. सुलाबाईंनी माझे बंद सोडले. वरच्या टोकाचं एक पान कडेनं तांबूस झालं होतं. बाकी वेल हिरवीगार, ओलसर चमकत उभी.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. तानुबाई पिशवी घेऊन आत आल्या. "आक्का, चहा नंतर. आधी मागं चल," म्हणत सुलाबाईंनी त्यांना परसाच्या दारापर्यंत आणलं. तानुबाईंनी वेल पाहिली. उंबऱ्यापाशी थांबल्या आणि एकेक करून पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"आक्का, फरशी गार हाय, पाय गारठतील!"

"गप, सुले. मळ्यात कुणी चप्पल घालून शिरतं का?"

पानमळ्याचा तो रिवाजच आहे, मजूर असो की मालक, आत जायचं ते अनवाणी. तीस वर्षं पाळलेला. एक शेवगा, एक वेल आणि तीन पावलांची ती जागा तानुबाईंनी पानमळा म्हणून कबूल केली होती. सुलाबाईंनी तोंडावर पदर घेतला. तानुबाईंनी अंगठ्याच्या नखानं एक पान खुडलं, उजेडात धरलं, वास घेतला. "आपलाच हाय," म्हणाल्या. मग माझ्यावर हात फिरवला, तो त्रिकोणी डागावर थांबला. "हे काय गं?"

"तुझ्या पाव्हण्यांची कलाकुसर," सुलाबाई म्हणाल्या, आणि दोघी बहिणी डोळे पुसत हसत सुटल्या. सिद्धोधनराव चहा करायला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आता माझं वय झालंय. कडा विरल्यात, दोन ठिगळं लागलीत, आज ना उद्या मीही तरट होईन. पण मला खंत नाही. तुमच्या माळ्यावर, कोठीच्या कोपऱ्यात माझा एखादा भाऊ घडी होऊन पडलेला असेल. त्याचं पायपुसणं करण्याआधी दसऱ्यानंतरच्या उन्हात एकदा तुमच्या अंगणाकडं नजर टाका. गारठ्याला भिणारं काहीतरी तिथं नक्की असतं. तिथं त्याला कामाला लावा. आमच्या जातीला आराम मानवत नाही.

बरं, येतो मी. ऊन कललंय. यंदाही राहायला आलेल्या तानुबाई अनवाणी पायांनी इकडंच येतायत, माझी कामावर जायची वेळ झाली.