मागच्या खोलीतले आकडे

नंदा गेल्याचं कळलं तेव्हा वेणीमाधव दशाश्वमेध घाटावर सांगलीच्या एका यजमानाचं श्राद्ध चालवत होता. पिंड ठेवून झाले होते. तेवढ्यात फोन वाजला.

"पंडितजी, मैं स्विमिंग पूल से विश्वजीत बोल रहा हूँ, कोच. नंदाजी बेंच पर बैठे-बैठे गिर गईं. अस्पताल ले गए थे, लेकिन..."

"आपका नंबर गलत लगा है," वेणीमाधव म्हणाला. "मेरी पत्नी इस समय भजन में होती है."

नंबर चुकलेला नव्हता.

त्या दिवशी त्याला एकदम दोन गोष्टी कळल्या. सव्वीस वर्षांची सोबतीण गेली, ही एक. आणि मुलगी ईशानी अजून पोहते, ही दुसरी. ती चौदाची झाली तेव्हाच त्याने तिचं पोहणं बंद केलं होतं. "तो पोशाख, पुरुष कोच, बाहेरगावच्या स्पर्धा! उद्या हिला स्थळ कोण आणेल?" असं तो म्हणाला होता, आणि नंदा "बरं" म्हणाली होती. वाचकहो, घरातली बाई "बरं" म्हणाली की विषय संपला, असं आपण पुरुष धरून चालतो. नंदाने तीन वर्षं भजनाचं नाव सांगून मुलीला तलावावर नेलं होतं.

तेरा दिवसांचं सगळं यथासांग झालं. वेणीमाधवने एकही मंत्र गाळला नाही. पण चौदाव्या दिवशी पहाटे तो संध्येला उठला, तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला.

कोणीतरी मोजत होतं. हळू, एका लयीत. "...एकोणसाठ, साठ, एकसष्ट, बासष्ट." मग आवाज थांबला.

आवाज नंदाचा होता.

ब्रह्मा घाटावरच्या जुन्या मराठी घरांत अशी मागची खोली असते. महिन्याचे चार दिवस घरातली बाई तिथे बसते. तिचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं, दारही वेगळं. घरातला सोवळ्याचा पुरुष तिथे पाऊल टाकत नाही. वेणीमाधवच्या आजोबांनी टाकलं नाही, वडिलांनी टाकलं नाही, त्यानेही कधी टाकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोच आवाज आला. तिसऱ्या दिवशीही आला. रोज बासष्टवर थांबायचा. आत जाऊन पाहावं, असं त्याच्या मनात आलं नाही. काही करून शांत करावं, एवढंच मनात आलं. लोकांच्या पितरांना वाटेला लावणारा माणूस तो! त्याने घरी पुन्हा उदकशांत केली, ब्राह्मण जेवू घातले. आवाज थांबला नाही.

मोठी बहीण, बकुळआत्या, सुतकापासून त्याच्याकडेच राहत होती. रेल्वेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ. तिला त्याने भीत भीत विचारलं, "ताई, तुला पहाटे काही ऐकू येतं का?"

"येतं की. बासष्टपर्यंत," ती भाजी निवडत म्हणाली. "मला वाटलं, तुलाच ऐकू येत नाही."

नंदाला जाऊन महिना झाला आणि विश्वजीतचा फोन आला. लखनौला परवा निवड चाचणी होती. त्यात शंभर मीटर एकसष्ट सेकंदांत पोहावं लागतं. तिथे नाव आलं की राज्याच्या शिबिरात जाता येतं, आणि पुढचा सगळा रस्ता त्या शिबिरातून जातो.

"नहीं हो पाएगा," वेणीमाधव म्हणाला. "अभी उसकी अड़चन है. आज ही बैठी है."

ईशानी मागच्या खोलीत होती. दाराआडून तिने ते ऐकलं. तिने भिंतीकडे तोंड केलं. 

दुसऱ्या दिवशी पहाटे मोजणं पुन्हा सुरू झालं. या वेळी खोलीत ईशानी आहे, हे वेणीमाधवला माहीत होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. मुलगीच मोजते तर! आईसारखाच आवाज आहे मेलीचा. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला आणि म्हणाला, "ईशू, काय मोजतेस गं?"

आतून उत्तर आलं, आणि मोजणं चालूच राहिलं. "मी नाही मोजत बाबा. मी तर चुप आहे. भिंतीतून येतंय."

"...एकसष्ट, बासष्ट."

वेणीमाधवच्या हातातली पळी पडली.

आवाज ऐकून बकुळआत्या आली. तिने पळी उचलली नाही. तिने भावाकडे पाहिलं. "वेणू, आत जा आणि बघ."

"ताई, मी आत्ता स्नान करून आलोय. आत विटाळ आहे."

"कुठे स्नान केलंस?"

"गंगेत."

"त्या गंगेत रोज किती प्रेतांची राख जाते? म्हशी डुंबतात, नाले येऊन मिळतात. त्यात बुडी मारून तू पवित्र होतोस. आणि पोटची पोर बसलीय त्या खोलीत गेलास की बाटतोस! नदीला लागत नाही तो विटाळ तुला बरा लागतो रे! तू नदीपेक्षा मोठा का?"

"ही रीत मी नाही काढली."

"तू नाही काढलीस. तू फक्त चालवलीस. काढणारे केव्हाच मेले. चालवणाऱ्यांच्याच जिवावर ती जगते."

 मग पन्नाशीच्या त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा तो उंबरा ओलांडला.

खोली लहान होती. ईशानी कोपऱ्यात घोंगडीवर बसली होती. तिने बापाला आत पाहिलं आणि घाबरून पाय जवळ घेतले, त्याला आपला स्पर्श होऊ नये म्हणून. 

मग त्याने भिंत पाहिली.

जमिनीपासून खांद्यापर्यंत कोळशाने आकडे लिहिलेले होते. अक्षर नंदाचं होतं. चौऱ्याहत्तर, त्र्याहत्तर, त्र्याहत्तर, बहात्तर. रोजचा एक आकडा, तीन वर्षांचे. नवऱ्याच्या नजरेला कधीच पडणार नाही अशी घरात एकच भिंत होती. नंदाने तीच वही केली होती.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

"माझं टायमिंग," ईशानी म्हणाली. "आई घड्याळ पण लावायची आणि तोंडाने पण मोजायची. शेवटचा बासष्ट. त्या दिवशीचा मी लिहिला."

"आणि ही शून्यं?"

शून्यं चार-चारच्या ओळीने होती. दर महिन्याला चार. प्रत्येक चार शून्यांनंतरचा आकडा वाढलेला होता, कधी एकाने, कधी दोनाने. आठवडाभर घाम गाळून तो पुन्हा खाली यायचा. मग पुन्हा चार शून्यं.

 उत्तर बकुळआत्याने उंबऱ्यातून दिलं. "ते हे दिवस. वर्षाचे अठ्ठेचाळीस. तेवढे दिवस दुसऱ्यांच्या मुली पाण्यात असतात, आणि आपली इथे भिंत बघत बसते. मग निवड झाली नाही की आपणच म्हणतो, पोरीत दम नाही! अरे, दम होता. दर महिन्याला आपण तो मोडत होतो!"

वेणीमाधवने शून्यांवर बोट ठेवलं. एकेक मोजत गेला. शंभरापुढे गेल्यावर त्याचा हात थांबला. ही शून्यं मुलीची नव्हती. ती त्याची होती! त्याने ती एकेक करून घातली होती, स्नान करून, स्वच्छ हाताने!

तो तिथेच घोंगडीवर मुलीजवळ बसला.

"ईशू, बॅग भर. लखनौला जायचंय."

"बाबा, रहने दो ना. महिनाभर पाण्यात नाही उतरले मी. आणि आज दुसरा दिवस आहे."

"पोहता येतं ना या दिवसांत?"

"सगळ्या पोहतात, बाबा. फक्त मीच नाही."

दोघं लखनौला गेले. घड्याळ वेणीमाधवने हातात धरलं. मुली पाण्यात पडल्या आणि तो नकळत तोंडाने मोजू लागला. तिसापर्यंत तो एकटाच मोजत होता. पुढे त्याच्या कानाशी आणखी कोणी मोजत होतं, त्याच लयीत. त्याने मान वळवली नाही.

ईशानीला चौसष्ट सेकंद लागले. निवड झाली नाही. विश्वजीत म्हणाला, "अगला ट्रायल अगले साल है, पंडितजी. अब छुट्टी मत कराइएगा."

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे बाप-लेक दोघंही मागच्या खोलीत जागे बसले होते. आवाज आला. बासष्टवर थांबला नाही. "...त्रेसष्ट, चौसष्ट." मग शांत झाला. वेणीमाधवने कोळसा घेतला आणि भिंतीवर चौसष्ट लिहिलं. मग खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढलं.

बंधूंनो, भगिनींनो, पदकं स्टेडियमवर हुकत नाहीत. ती आधी घरात हुकतात, आपल्या उंबऱ्यावर, आपल्या सोवळ्यात. मुलीचा एक दिवस बुडवणारी रीत देवाची असू शकत नाही. आणि उशिरा आलेलं शहाणपण गेलेले दिवस परत आणत नाही.

ईशानी आता महिन्याचे तीसही दिवस पोहते. तिला अजून तीन सेकंद कमी करायचे आहेत. ब्रह्मा घाटाच्या त्या गल्लीत आणखी चार घरांत मागची खोली आहे. त्यातल्या एकाही घरी वेणीमाधव अजून बोलायला गेलेला नाही.