लोणच्याच्या कपाटाचा नियम

रुक्मिणी जाऊन आठ महिने झाले. तिचा फोन माझ्याकडे आहे. त्यातल्या रेकॉर्डर ॲपमध्ये तिचा आवाज आहे, पण ॲपला चार आकडी पिन. एकदा मी चुकून तिच्या मंडळाचं भजन पुसलं, त्या दिवसापासून हे कुलूप. तिचा वाढदिवस, लग्नाची तारीख, जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटचा नंबर, सगळं घालून पाहिलं.

आमची वैदेही पुण्यात एका फोन कंपनीत आहे. फोनमध्ये कोणी कशाला हात लावायचा, याचे नियम ती लिहिते. शनिवारी ती आल्या आल्या मी फोन पुढे ठेवला.

"नियम तूच लिहितेस ना? मग एवढं रेकॉर्डिंग काढून दे."

"नाही निघणार, बाबा. आत प्रत्येक फाइलला चिठ्ठी असते, प्रत्येक ॲपला चिठ्ठी असते. कोणी कोणाला शिवायचं ते फोनच्या गाभ्यात लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर शिवायचं नाही."

"अगं, पण फोन आपला आहे!"

"मालकालाही तोच नियम."

"म्हणजे तुझ्या आईचं सोवळंच की हे."

"मग! ऑफिसात नव्या पोरांना मी आईचंच उदाहरण देते. घराच्या मालकाला लोणच्याच्या कपाटाला हात लावायची परवानगी नव्हती."

खरं होतं. माझ्या ओल्या हातामुळे एका वर्षी अख्ख्या बरणीला बुरशी आली होती.

वैदेही एकदम थांबली. "बाबा, ते कपाट उघडलंत कधी?"

"मी कशाला उघडू?"

"आठ महिने लोणच्याशिवाय जेवताय?"

"शेजारच्या अक्कम्मा शेंगाचटणी देतात."

तिने कपाळावर हात मारला. "तुमच्यापासून लपवायचा पिन आई कुठे लिहील?"

ती कपाटाकडे निघाली. मी म्हटलं, "थांब. प्रवासातून आलीस, आंघोळ कर आधी."

"बाबा!"

"नियम आहे."

तिची आंघोळ होईपर्यंत मला धीर निघेना. मी हात धुतले, दोनदा पुसले आणि कपाट उघडलं. बरणीवर कागद चिकटवला होता. 'कैरी, मे.' खाली चार आकडे.

वैदेही ओल्या केसांनी धावत आली. आकडे घातले. ॲप उघडलं.

"वैदेही, कैरी पुसून अगदी कोरडी कर हं," रुक्मिणी बोलत होती. "मीठ हाताने नको, डावाने घाल. आणि काही झालं तरी बाबांना बरणीला हात लावू देऊ नकोस."

माझा हात बरणीवरच होता. तो मी काढून घेतला.

"पुन्हा ऐकव," मी म्हटलं.