पान तीनवरची राधाबाई

२००४ सालच्या मे महिन्यात मालवणच्या 'दर्यावार्ता' दैनिकावर माहितीपट काढायला पुण्याहून नीरजा नावाची मुलगी कॅमेरा घेऊन आली. अंकाचा खप जेमतेम सहाशे. संपादक रामचंद्र सामंतांना वाटलं, आता निदान पुण्यात तरी नाव होईल. ते रोज इस्त्रीचा सदरा घालून येत आणि मालवणी सोडून छापील मराठीत बोलत. एकुलती एक वार्ताहर वर्षाली मात्र वैतागली होती. तिने फोन उचलला की नीरजा म्हणे, "पुन्हा उचला ना, जरा घाईघाईने."

तिसऱ्या दिवशी सकाळी मासळीवाली राधाबाई तांडेल हातात पान तीन उघडलेला अंक घेऊन आत शिरली.

"ह्या कोणी छापल्यान? मी मेलंय?"

बातमी वर्षालीची होती. आदल्या संध्याकाळी फोन आला, बाजारातली राधाबाई गेली. बाजारात राधाबाई दोन, गेली ती दुसरी. कॅमेरा चालू होता, वर्षाली भांबावलेली. कुठली राधाबाई हे तिने विचारलंच नाही. वर 'मुलगा यतीन मुंबईत नोकरीला' हेही स्वतःच्याच माहितीतून जोडलं.

सामंत खुर्चीत ताठ झाले. "बावीस वर्षांत आमच्या अंकात अशी चूक—"

"चूक माझी," वर्षाली मधेच म्हणाली.

"चुकीचा मागसून बघूया," राधाबाई म्हणाली. "आचऱ्याच्या मामान ह्या वाचून यतीनाक फोन केल्यान. मी तेच्या मुंबयच्या खोलयेर फोन लावलंय, तर तो गाडयेत बसलो सुद्दा. आता तेका वाटेत कोण सांगतलो?"

यतीनकडे मोबाइल नव्हता. गाडी कुडाळला चारला येणार होती. वर्षालीने रत्नागिरीच्या, कणकवलीच्या स्टेशनवर फोन लावले, घोषणा करा म्हणून विनवलं. कोणी हो म्हणालं, कोणी ठेवून दिला. ती दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होती. शेवटी दोन वाजता सामंतच उठले. "चल गो, गाडी काढतंय. राधाबाय, बस."

नीरजाही मागून जीपमध्ये चढली.

कुडाळच्या फलाटावर राधाबाई एका जागी उभी राहीना. इकडून तिकडे चालत होती, पदराने तोंड पुसत होती. गाडी अर्धा तास उशिरा आली. यतीन उतरला, डोळे सुजलेले, हातात नुसती पिशवी. नीरजाने कॅमेरा उचलला. सामंत तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"ह्या नको," ते म्हणाले. छापील मराठी पार विसरले होते.

"रे यतीना!" राधाबाईने हाक मारली.

त्याने वळून पाहिलं आणि तो तिथेच पिशवीवर मटकन बसला. राधाबाईने त्याचं डोकं पोटाशी धरलं. मग ती म्हणाली, "कायच खाल्लंस नाय मा?"

वर्षाली पुढे गेली. "यतीनदादा, ती बातमी मी लिहिलंय. माका माफ कर."

त्याने तिच्याकडे बघितलं. "एक फोन करूचो होतो," एवढंच म्हणाला आणि आईला धरून जिन्याकडे निघाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, चौकटीत, दिलगिरी छापून आली. मजकूर वर्षालीचा होता. खाली तिने स्वतःचं नाव घातलं होतं. सामंतांनी ते खोडून आपलं टाकलं.