सारवणाचा हात

माह्या इहिरीचं पाणी गोड हाये. कोणी नाई म्हणलं तर त्याच्या तोंडावर सांगीन. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तरी चिमूरकडच्या आमच्या गावात वरच्या आळीच्या इहिरीत आम्हाले दोर टाकू देत नव्हते. म्हणून माह्या घरधन्यानं, बापूरावनं, आंगणातच इहीर खणली. माती मी डोक्यावर वाह्यली. वीस-बावीस वर्षं वरच्या आळीतल्या कोणी तिच्यात डोकावून पाह्यलं नाई.

बापूराव गेले अन् घर खायाले उठलं. मग सत्त्याऐंशीचा उन्हाळा आला. साऱ्या इहिरी आटल्या, माही तेवढी आटली नाई. आल्या ना मग बाया! वरच्या आळीतली गिरजाबाईसुदा आली. "मनकर्णा, दोर दे वं," म्हणे. दोर द्यावा, च्या पाजावा, एकमेकीच्या सासवाइची मस्करी करावी. मी रोज पहाटे आंगण सारवाची अन् दुपारपावतर बायाइच्या पावलानं सारवण पार मोडून जाये. राग कायले येईल? जीव सुखावे माहा.

तवाच गावात हगवण लागली. दवाखान्यातला शफीभाऊ सायकलनं आला, एक बंद बाटली देऊन गेला. "बाई, उद्या सकाळी ताजं पाणी या रेघेपावतर भरा, बूच लावा. पाणी काळं झालं तर समजा त्यात वाईट जंतू. परवा येतो."

सकाळी मी सारवून राह्यली होती. मधातच बाटली उघडली, तर आत मळकट कागद चिकटलेला. म्हणलं, हे काय बाप्पा! माह्या घरची बाटली अशी घाण दिसंन? शेणाचा हात पदराले पुसला, बोट घालून बाटली आतून पुसली; कागद काई निंघाला नाई, अन् मग पाणी भरलं.

शफीभाऊ आला तवा पाणी तव्याच्या बुडासारखं काळं. बूच काढलं तर सडक्या अंड्याचा वास. गिरजाबाई तिथीच उभी होती. पाण्यानं भरलेला पितळी गुंड माह्या आंगणात उलटा केला अन् गेली. महिन्याभरात वरच्या आळीत बोरिंग लागलं.

दिवाळीच्या आधी शफीभाऊनं पुन्हा बाटली आणली, या खेपेले सोताच्या हातानं भरली. दोन दिवस झाले तरी पाणी निर्मळ. "मागं आत हात घातला होता का, बाई?"

सांगून टाकलं. तो कपाळाले हात लावून बसला. "शेणात ते जंतू राह्यते, बाई. कागदाले त्याइचं खाणं लावलेलं असते. ते खाऊन तो वास सोडते, अन् वासानं कागदातलं लोखंड काळं पडते. तो वासही अंदाजानंच सोडते बरं. जास्त झाला तर तेच मरते."

जंतूले अंदाज हाये, मलेच नव्हता. चांगलं दिसावं म्हणून जीव टाकला अन् माह्याच हातानं माह्या इहिरीले काळं फासलं.

शफीभाऊ वरच्या आळीत जाऊन सांगून आला. गिरजाबाई म्हणे, "असंन चांगलं. पण आता बोरिंग हाये ना दारात." शिवी दिली असती तर मी भांडली असती. एवढं एकटं मले बापूराव गेले तवाही नाई वाटलं.

सारवण मी अजूनही करते. आता आठ-आठ दिवस मोडत नाई. सांजच्याले ओट्यावर बसून पाह्यते, तर साऱ्या आंगणात माह्याच बोटाचे वळसे.